गर्भाशयात गाठ आहे, दिवस जात नाहीत – ऑपरेशन करावं का?

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच.

वय ३४, लग्नाला पाच वर्षं झाली. सांगलीजवळ एका शाळेत शिकवते. गेली तीन वर्षं मूल व्हावं म्हणून प्रयत्न चाललेत. पाळी आठ-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस गुठळ्या पडतात. त्या दिवसांत वर्गात उभं राहायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच. हिमोग्लोबिन ८.४ आलंय.

गेल्या महिन्यात पोटावरून सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत ४.६ × ४.१ सेंमीची इंट्राम्युरल फायब्रॉइड. पहिले डॉक्टर म्हणाले, "पोट उघडून गाठ काढू, लगेच करून टाका." दुसऱ्या म्हणाल्या, "गाठीला हात लावू नका, थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा." दोघांनीही मिळून दहा मिनिटं दिली असतील. घरी चुलत सासूबाई म्हणतात, पिशवीत गाठ म्हटल्यावर मूल धरणार कसं? नवरा बिचारा गप्प असतो. मला रात्ररात्र झोप नाही.

या गाठीमुळेच दिवस जात नाहीत का? काढली तर राहतील का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपा करून लिहा.

सुहासकाकू | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

अगं बाळा, आधी एक ऐक. गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. मला पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा सोनोग्राफीत कळलं की पिशवीच्या बाहेरच्या अंगाला ९ सेंमीची गाठ आहे. अकोल्याच्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती बाहेर लोंबकळतेय, बाळाच्या खोलीशी तिचा संबंध नाही. दोन्ही मुलं झाली, दुसरा तर घरून निघाल्यावर तासाभरात. गाठ पुढं कितीतरी वर्षं तशीच होती. पाळी गेल्यावर आपोआप आक्रसली.

तुझ्या चुलत सासूबाईंना म्हणावं, गाठ असलेल्या बायकांनी घरं भरली आहेत. जेवून घे, गूळ-शेंगदाणे खा, आणि ते ८.४ आधी वर आण. त्याची मला जास्त काळजी वाटते.

रेषा_सावली | १३ जानेवारी, दुपारी २:४०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, नाशिकला. रोज असे रिपोर्ट लिहिते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हे घेणार नाही, पण पुढच्या भेटीत काय विचारायचं ते यातून कळेल.

रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर सेंटिमीटरवर जाते. मूल राहण्याच्या दृष्टीनं मात्र पहिला प्रश्न गाठ केवढी हा नसतो, गाठ कुठं हा असतो. गर्भाशय म्हणजे जाड भिंतींची एक छोटी खोली समजा. भिंती स्नायूंच्या. आतून मऊ अस्तर, घराच्या भिंतीला गिलावा असतो तसं. गर्भ त्या अस्तरात रुजतो. फायब्रॉइड ही भिंतीच्या स्नायूतूनच वाढलेली गाठ. ती खोलीच्या आत डोकावते, भिंतीच्या जाडीत राहते, की बाहेरच्या अंगाला फुगते, यावर पुढचं सगळं ठरतं.

डॉक्टर लोक यासाठी फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ० ते ८ असे प्रकार वापरतात. ० म्हणजे पूर्ण गाठ पोकळीत, देठावर लटकलेली. १ म्हणजे अर्ध्याहून जास्त आत, थोडी भिंतीत. २ म्हणजे थोडी आत, अर्धी किंवा जास्त भिंतीत. ३ पूर्ण भिंतीत, पण अस्तराला टेकलेली. ४ भिंतीच्या जाडीतच, अस्तरापासून सुटी. ५, ६ आणि ७ बाहेरच्या बाजूच्या. काकूंची बहुधा ७ असावी. ८ मध्ये गर्भाशयमुखाच्या वगैरे वेगळ्या जागच्या गाठी येतात.

२००९ साली बरेच जुने अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. त्यात दिसलं की ०, १, २ म्हणजे पोकळीत शिरलेल्या गाठी असतील तर गर्भ राहण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटतं आणि त्या काढल्यावर सुधारतं. बाहेरच्या गाठींनी काही फरक पडत नाही. भिंतीतल्या गाठींनी प्रमाण थोडं घटतं, पण त्या काढून फायदा होतोच असं सिद्ध झालं नाही. तुमच्या दोन डॉक्टरांमधला मतभेद नेमका इथला आहे. दोघांपैकी कुणी फसवत असेल असं समजू नका. या जागी शास्त्रातच अजून एकमत नाही.

गाठ अडथळा कसा करते? पोकळीचा आकार बिघडवते, गर्भ रुजायची जागा खाते. अंडं गर्भाशयात आणणाऱ्या नळीच्या तोंडाशी असली तर वाट बंद करते. गर्भाशयाच्या स्नायूंच्या हलक्या लाटा असतात, त्यांची लय बिघडते. शिवाय पोकळीतल्या गाठी अस्तरालाही बिघडवतात. गर्भ रुजण्यासाठी अस्तरात होक्सए१० नावाचं जनुक काम करतं. अशा गाठी असलेल्या बायकांमध्ये त्याचं काम मंद झालेलं आढळलंय, आणि तेही गाठीच्या वरच्या भागापुरतं नाही, सगळ्या अस्तरात. म्हणून आत शिरलेली लहानशी गाठही त्रास देऊ शकते.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ३ आणि ४ यातला फरक नीट दिसतोच असं नाही, आणि मोठ्या गाठीच्या सावलीत लहान गाठ सुटू शकते. योनीमार्गे सोनोग्राफी करा. शक्य असेल तर पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत सलाइन सोडून करतात ती करा. बारीक नळीतून थोडं सलाइन आत सोडलं की पोकळी उघडते आणि आत काय डोकावतंय ते स्वच्छ दिसतं. मला एक गोष्ट खटकतेय. नुसती भिंतीतली ४.६ची गाठ असताना गुठळ्या पडतील एवढा रक्तस्राव होऊ शकतो, पण असा रक्तस्राव पाहिला की मी पोकळीत पुन्हा एकदा शोधते.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, रात्री १०:१५

रेषाताई, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं. दोन्ही डॉक्टरांनी हे कुठल्या प्रकारचं वगैरे काही सांगितलं नव्हतं. काकू, आज दुपारी डब्यात गूळ-शेंगदाणे नेले होते.

एक विचारू? एवढ्या लवकर ही गाठ मला का झाली? माझं काही चुकलं का?

रेषा_सावली | १३ जानेवारी, रात्री १०:५०

तुमचं काहीही चुकलेलं नाही. ज्या बायकांची पाळी लहान वयात सुरू होते, ज्यांच्या आईला किंवा बहिणीला गाठी होत्या, ज्यांना अजून मूल झालेलं नाही, ज्यांचं वजन किंवा रक्तदाब जास्त आहे, त्यांच्यात गाठी जास्त आढळतात. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेशीही संबंध दिसतो. पण हे हजारो बायकांच्या आकड्यांतून निघालेलं आहे. एखादीकडे बोट दाखवून "हिला यामुळेच झालं" असं म्हणता येत नाही. गाठीच्या एका पेशीत बदल होतो आणि ती वाढत जाते. साधारण १० पैकी ७ गाठींत मेड१२ नावाच्या एकाच जनुकात बदल सापडतो. तो बदल काळजीनं येत नाही, गरम-थंड खाण्यानं येत नाही, आणि कुणाच्या नजरेनंही येत नाही.

दत्ता_मिरजकर | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई, पुरुष असून या धाग्यावर लिहितोय, राग मानू नका. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या घरी हेच झालं. बायकोच्या सोनोग्राफीत ३ सेंमीची गाठ निघाली आणि सगळ्यांना कारण सापडलं. दोन वर्षं औषधं, मग पोटावर टाके. त्यानंतरही वर्ष गेलं. शेवटी तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझी वीर्यतपासणी लिहून दिली. शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली. तीन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून गेलो नाही. माझ्या बायकोच्या पोटावर तो व्रण आहे, आणि तो बघताना मला काय वाटतं ते लिहिता येत नाही.

ती तपासणी दहा मिनिटांची आहे, पैसेही थोडे लागतात. तुमच्या मिस्टरांना आधी तिकडं पाठवा. गप्प बसलेत म्हणता, तर कदाचित त्यांच्याही मनात तेच असेल.

कृष्णाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:००

दादा, राग कसला? तुमचं लिहिणं त्यांना वाचायला दिलं. बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. शनिवारी जातो म्हणाले.

पळसफुल | १५ जानेवारी, दुपारी १२:२५

माझं वय ३७. तीन वर्षांपूर्वी पोट उघडून गाठी काढल्या. एकूण पाच. एक पोकळीत शिरलेली होती, बाकीच्या भिंतीत आणि बाहेर. पोकळीतली काढायलाच हवी होती. तेव्हा पाळी म्हणजे नळ सोडल्यासारखं होई, दर दोन-तीन महिन्यांनी रक्त चढवावं लागे. ऑपरेशन केलं याचा पश्चात्ताप नाही.

पण बाकीच्या चार "आता पोट उघडलंच आहे तर" म्हणून काढल्या. नंतर आत चिकटलं. वर्षभरानं दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा उजवी नळी आतड्याला चिकटलेली होती. गर्भाशयाच्या भिंतीला जेवढे काप, तेवढी चिकटण्याची शक्यता, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

त्यात वय. ऑपरेशनची तारीख मिळायला चार महिने, मग भिंत भरून यावी म्हणून आणखी सहा महिने थांबायला सांगितलं. तोवर माझं एएमएच, म्हणजे अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, १.९ वरून १.१ वर आलं होतं. गाठ वाढायला वर्षं लागतात, पण अंडी कुणासाठी थांबत नाहीत. आता आयव्हीएफ चालू आहे, दुसरी खेप.

घाबरवायचं नाही मला. फक्त ऑपरेशन ठरवण्याआधी नळ्या उघड्या आहेत का आणि अंड्यांचा साठा किती आहे हे तपासून घे. ऑपरेशन ठरलंच तर विचार की कुठली गाठ कशासाठी काढताय. प्रत्येक गाठीचं वेगळं उत्तर मिळायला हवं.

निंबोणी | १५ जानेवारी, सायंकाळी ५:४०

माझ्या मावसबहिणीची गाठ एका काढ्यानं तीन महिन्यांत विरघळली. ऑपरेशनच्या मागं लागण्याआधी करून बघा. पत्ता हवा असेल तर निरोप पाठवा.

रेषा_सावली | १५ जानेवारी, रात्री ८:१०

निंबोणी, तुम्ही आपुलकीनं लिहिलंत हे कळतं. तरीही सांगते. एकाच गाठीची दोन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी केलेली मोजमापं सहज अर्धा सेंटिमीटर वेगळी येतात. काही गाठी आपणहूनही थोड्या लहान होतात. गाठ खरोखर विरघळवतो असं नीट तपासून सिद्ध झालेला कुठलाही काढा नाही. मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या बाईनं ज्यात काय आहे ते माहीत नाही असं काही घेऊच नये, कारण त्याच महिन्यात दिवस गेलेले असू शकतात.

औषधांनीही गाठ कायमची जात नाही. काही इंजेक्शनं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दाबून गाठ आक्रसवतात, पण त्या काळात गर्भ राहत नाही आणि थांबवली की गाठ पुन्हा वाढते. ऑपरेशनआधी रक्तस्राव थांबवून हिमोग्लोबिन वाढवायला त्यांचा उपयोग होतो. युलिप्रिस्टल नावाची गोळी मध्यंतरी खूप गाजली. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या घटना पुढं आल्यावर युरोपच्या औषध संस्थेनं २०२० मध्ये तिच्यावर कडक बंधनं घातली. आणखी एक उपचार ऐकायला मिळेल, गाठीची रक्तवाहिनी बंद करण्याचा. ज्यांना पुढं मूल हवंय त्यांना सहसा तो सुचवत नाहीत.

बांधावरची | १६ जानेवारी, पहाटे ५:३०

मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. ताई, तुमच्या धाग्यावर कुणी अजून तो शब्द काढला नाही, म्हणून मीच काढते. पिशवी काढणे.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाळीत सुट्टी घेतली तर खाडा धरला जातो. अंगावरून जास्त जातं म्हणून दवाखान्यात गेल्या की कुणीतरी सोनोग्राफी करतं, गाठ दाखवतं आणि म्हणतं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पंचविशीतल्या, तिशीतल्या पोरी. २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला असं ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. पुढं एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सगळ्या राज्यांना विनाकारण पिशवी काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

माझ्या वस्तीतली एक पोर आहे. एक लेकरू झाल्यावर २६ व्या वर्षी पिशवी काढली. लेकरू पुढं तापानं गेलं. ती आता माझ्याकडं येऊन बसते, काही बोलत नाही. तिची गाठ केवढी होती, कुठं होती, कुणालाच माहीत नाही. कागदच दिला नव्हता.

म्हणून सांगते, प्रत्येक कागद जपून ठेवा. सोनोग्राफीची फिल्म पण. सही करायच्या आधी फॉर्मवर काय काढणार ते मराठीत वाचून घ्या. गाठ काढणं वेगळं, पिशवी काढणं वेगळं.

सुहासकाकू | १६ जानेवारी, सकाळी ७:३०

बांधावरची, तुझं वाचून सकाळपासून काही सुचत नाही. त्या पोरीला माझा नमस्कार सांग. तुझ्यासारख्या मुली तिथं आहेत हा मोठा आधार आहे गं.

रेषा_सावली | १६ जानेवारी, दुपारी ३:००

बांधावरच्या ताई, तुमची पोस्ट आमच्या विभागातल्या सगळ्यांना वाचून दाखवली. कागदाचं तुम्ही म्हणालात ते फार महत्त्वाचं. आमच्याकडंही बायका नुसती फिल्म घेऊन येतात, रिपोर्ट हरवलेला असतो.

पिशवी वाचवून फक्त गाठ काढायची, ही कल्पना रुजायलाही काळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय गाठींमुळे तरुणपणीच काढावं लागलं, त्यांना मूल झालं नाही. बॉनींनी पुढं आयुष्यभर गर्भाशय राखून गाठी काढण्याची शस्त्रक्रिया घडवली, शिकवली, तिच्या बाजूनं भांडले. रक्तस्राव आवरायला त्यांनी तयार केलेला चिमटा त्यांच्याच नावानं ओळखला जातो. तुमच्या वस्तीतल्या मुलीचं वाचलं आणि पहिली आठवण त्यांच्या घराची झाली.

सातासमुद्रापार | १७ जानेवारी, पहाटे ४:१०

अटलांटाहून लिहितेय. माझ्या आईला गाठी, मावशीला गाठी, मला २९ व्या वर्षी निघाल्या. इथं माझी एक कृष्णवर्णीय मैत्रीण आहे, तिच्या घरी तर आजीपासून सगळ्यांना. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि जवळपास ७० टक्के गोऱ्या बायकांना गाठी झालेल्या दिसल्या. म्हणजे यात कुणीच एकटी नाही. मैत्रीण मला म्हणाली होती, तुमच्याकडं हे बोलत नाहीत, आमच्याकडं नुसतं सोसतात.

माझ्या दोन गाठी भिंतीत होत्या, ३ आणि ५ सेंमी. काढल्या नाहीत. आठ महिन्यांत दिवस राहिले. १८ व्या आठवड्यात एका रात्री पोटात असं दुखलं की वाटलं सगळं संपलं. हॉस्पिटलात कळलं, गाठीला रक्त कमी पडून ती आतून मरते तेव्हा असं दुखतं. तीन दिवस गोळ्या घेतल्या, झोपून राहिले, थांबलं. बाळ पायाळू राहिलं म्हणून सिझेरियन झालं. मुलगी आता चार वर्षांची आहे.

गाठ ठेवून दिवस गेले तर हे होऊ शकतं, म्हणून लिहून ठेवतेय. त्या रात्री मला हे माहीत असतं तर एवढी घाबरले नसते.

काचपात्र | १८ जानेवारी, रात्री ९:४५

मी पुण्यात आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ आहे. "थेट आयव्हीएफ करा" यावर थोडं.

पोकळी न बिघडवणाऱ्या भिंतीतल्या गाठी असताना आयव्हीएफ केलं तर काय होतं, यावरचे अभ्यास २०१० मध्ये एकत्र केले गेले. गाठ नसलेल्या बायकांच्या तुलनेत मूल जन्माला येण्याचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणजे शंभरात तीस जणींना होत असेल तर चोवीस जणींना. फरक आहे, पण दार बंद होत नाही. आणि तेवढ्यासाठी गाठ काढली तर ते प्रमाण परत वर येतं का, हे त्यातून कळत नाही.

पोकळीत काही असेल तर मात्र आधी ते साफ करून मगच भ्रूण सोडावेत. चांगला भ्रूण वाया जाताना बघणं आम्हालाही फार जड जातं.

आणि वंध्यत्वाचं एकमेव कारण गाठ आहे असं फार थोड्या जोडप्यांत निघतं, शंभरात दोन-तीन. बाकीच्यांमध्ये गाठीसोबत आणखी काही असतं. कुणाच्या नळ्या बंद असतात, कुणाला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) असतं, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं, कुणाचं वय पुढं गेलेलं, कुठं पुरुषाकडचं कारण. अॅडिनोमायोसिस हा गर्भाशयाचाच आणखी एक आजार. सोनोग्राफीत तो कधी कधी हुबेहूब गाठीसारखा दिसतो, पण गाठीसारखा सोलून काढता येत नाही. शंका असेल तर ऑपरेशनआधी एमआरआय करून घ्यावा. चाळिशीत आलेल्या जोडप्याला आम्ही वेगळ्या घाईनं सल्ला देतो. कृष्णाकाठ, ३४ म्हणजे तुमच्याकडं तपासण्या पूर्ण करण्याइतका वेळ आहे. वर्षानुवर्षं थांबण्याइतका नाही.

कृष्णाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करत गेले. आता हिशोब देते.

ह्यांचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट चांगला आलाय. दत्तादादा, रिपोर्ट घेऊन आले त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं बोलले. तीन वर्षं भीती वाटत होती म्हणाले.

एएमएच २.३. थायरॉइड ठीक. ड जीवनसत्त्व फारच कमी, ९. त्याच्या गोळ्या सुरू झाल्यात. शिरेतून लोहाची दोन इंजेक्शनं घेतली. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी होण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या दिल्यात.

आणि सलाइनची सोनोग्राफी. रेषाताई, तुम्हाला खटकलं होतं ते खरं निघालं. मागच्या भिंतीतली मोठी गाठ प्रकार ४, अस्तरापासून ६ मिमी लांब. पण डाव्या बाजूला पोकळीत १.४ सेंमीची दुसरी गाठ आहे, प्रकार १. पहिल्या रिपोर्टमध्ये तिचा उल्लेखच नव्हता. तपासणाऱ्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवलं. काळ्या पाण्यात एक गोल खडा असावा तसं. मी टेबलावरच रडले. इतके दिवस सगळे मोठीबद्दल बोलत होते.

नवीन डॉक्टर म्हणतात, योनीमार्गे दुर्बिणीतून ही लहान गाठ काढू, पोटावर काप नाही. मोठीला आत्ता हात लावायचा नाही. हिमोग्लोबिन १० च्या वर गेलं की तारीख. त्याच वेळी नळ्याही तपासतील.

पळसफुल | ९ फेब्रुवारी, रात्री ११:००

अगं, किती बरं झालं! पाचही गाठी काढायला सांगणाऱ्यांपुढं मी हे विचारलं असतं तर... जाऊ दे. तुझ्यासाठी फार बरं वाटलं.

रेषा_सावली | १० फेब्रुवारी, सकाळी ८:२०

कृष्णाकाठ, पहिल्या रिपोर्टवाल्यांवर फार रागावू नका. पोटावरून, मोठ्या गाठीच्या शेजारी, एवढी लहान गाठ सुटते. म्हणूनच दुसरी तपासणी करायची असते.

शस्त्रक्रियेआधी सर्जनना हे विचारा. गाठ एकाच खेपेत पूर्ण निघेल का? प्रकार १ ची सहसा निघते. आतलं अस्तर भाजू नये म्हणून काय काळजी घेणार? जास्त भाजलं तर नंतर आतून चिकटतं आणि पोकळी लहान होते. काढलेली गाठ तपासायला पाठवणार ना? आणि प्रयत्न कधी सुरू करायचे? पोट उघडून भिंत शिवली असती तर तीन ते सहा महिने थांबावं लागलं असतं आणि बाळंतपण बहुधा सिझेरियनचं झालं असतं. या शस्त्रक्रियेत तसं सहसा होत नाही.

बांधावरची | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

ताई, तुमचा स्क्रीनचा फोटो आहे का? वस्तीवरच्या बायकांना दाखवायचाय. त्यांना वाटतं पिशवी म्हणजे एक गाठोडं. आतली खोली दिसली तर त्या प्रश्न विचारतील.

कृष्णाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

नाव झाकून पाठवते, आजच.

कृष्णाकाठ | २ मे, सायंकाळी ६:५०

मार्चच्या शेवटी झालं. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. हिमोग्लोबिन ११.१ होतं. दोन्ही नळ्या उघड्या आहेत. गाठीचा रिपोर्ट साधी फायब्रॉइड, बाकी काही नाही.

त्यानंतरच्या दोन पाळ्या पाच-पाच दिवसांच्या आल्या, गुठळ्या नाहीत. गेल्या महिन्यात परीक्षेच्या दिवशी सलग तीन तास वर्गात उभी होते आणि एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. चुलत सासूबाईंना आकृती काढून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीची पिशवी काढली तेव्हा असं कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, या महिन्यापासून प्रयत्न करा. सहा महिन्यांत नाही राहिलं तर पुढचं बोलू.

रेषाताई, परवाच्या सोनोग्राफीत मोठी गाठ ४.६ ऐवजी ४.८ आलीय. वाढतेय का?

रेषा_सावली | २ मे, रात्री ८:३०

नाही. दोन मिलिमीटर म्हणजे हाताचा फरक. मशीन वेगळं असेल, कोन वेगळा असेल. पोकळी सरळ आहे ना रिपोर्टमध्ये? अस्तरापासूनचं अंतर लिहिलंय का?

कृष्णाकाठ | २ मे, रात्री ८:४५

पोकळी सरळ. अंतर ६ मिमी. या वेळी मीच लिहायला सांगितलं.